चौसष्टावा प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला खुनाबद्दल जन्मठेप झाली. तो निकाल मी सहा वर्षांत इतक्यांदा वाचला की अर्धा पाठ झाला. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं माझं काम. काचेवरचा बारीकसा ओरखडाही आपल्या नजरेतून सुटत नाही, असा मला मोठा तोरा. खटल्यातली चूक मात्र सुटली.

ती सापडली नव्या वकीलबाईंना. भाऊ आणि त्याचा जोडीदार लिफ्ट दुरुस्त करायचे. एका दुपारी जोडीदार कारखान्याच्या मागच्या खोलीत डोकं फुटून मेलेला सापडला. सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि भावाच्या निळ्या शर्टावर जोडीदाराचं रक्त होतं. निकालात त्या शर्टावर चार पानं खर्ची पडली होती. पण साक्षीपुरावे संपले की न्यायाधीशांनी आरोपीला एकेक गोष्ट दाखवून 'यावर तुझं काय म्हणणं' असं विचारावं लागतं. भावाला त्रेसष्ट प्रश्न विचारले होते. भांडणाबद्दल, त्या खोलीच्या किल्लीबद्दल, अगदी तो दुपारी कुठे जेवला त्याबद्दलही. शर्टाबद्दल एकही नाही. आणि जे विचारलं नाही, ते आरोपीविरुद्ध धरता येत नाही.

वकीलबाई खूश, माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात. तो निर्दोष आहे हे अपिलात सांगणारच नाही का, म्हणून मी त्यांच्याशी भांडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते नंतर. आधी एवढंच सांगायचं, की त्याला विचारलंच नाही."

वरच्या कोर्टात जेमतेम वीस मिनिटं लागली. शिक्षा रद्द झाली. मामांनी लगेच फोनवर अभिनंदनाचा भडिमार केला. त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले, की अहो, तो सुटलेला नाही. खटला खालच्या कोर्टात परत गेलाय, पुढच्या महिन्यात त्याला शर्टाबद्दल विचारतील आणि मग नवा निकाल देतील.

आणि हे सांगत असतानाच माझ्या लक्षात आलं. मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी भेटायला जायचे, दुकानातल्या गमती सांगायचे, त्याच्या दाढेची चौकशी करायचे. माझा भाऊ तसा नाही, मला विचारायची गरजच काय, असं जगाला ठणकावून सांगायचे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

पुढच्या भेटीत, मधे ते लांब टेबल, पलीकडे तो. मी बसल्या बसल्या विचारलं, "शर्टावर रक्त कसं आलं?"

तो टेबलाकडे बघत हळू आवाजात सांगू लागला. भांडण मिटवायला तो परत त्या खोलीत गेला, तर जोडीदार खाली पडलेला. कुणी मारलं की तोल जाऊन पडला, देव जाणे. भावाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"जिवंत होता, ताई. माझा हात धरला होता त्याने. मला वाटलं, सकाळी सगळ्यांनी भांडण ऐकलंय, आता मलाच धरतील. मी हात सोडवून घेतला आणि पळालो."

त्याने मारलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. इतकी वर्षं का बोलला नाहीस, असं विचारलं, तर म्हणाला, जुन्या वकिलांनी बजावलं होतं, विचारलं नाही तर तोंड उघडायचं नाही.

"तूही विचारलं नाहीस. मला बरंच वाटायचं."

मग त्याने विचारलं, "त्याची बायको येईल ना कोर्टात?"

"येईल. प्रत्येक तारखेला येते."

"तिच्यासमोर सांगायचं? मी थांबलो असतो तर तो वाचला असता कदाचित." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यापेक्षा मी आहे तिथे बरा आहे, ताई."

"सांगायचं," मी म्हणाले. "तिच्यासमोरच सांगायचं. मी तिच्या शेजारी बसेन."

इतकी वर्षं आम्ही दोघी कोर्टात एकमेकींकडे पाठ फिरवून बसत होतो.