देव्हाऱ्यामागची चावी

"हे लिहा," मनकर्णा म्हणाली आणि तिने जनरेटरकडे बोट केलं.

बेलीफ नत्थुजींनी चष्मा सावरून कागदावर लिहिलं. "अजून?"

"ते साउंडचे चार बॉक्स. डाव्या अंगाच्याची जाळी फाटली हाय, तेबी लिहा. नाहीतर उद्या म्हनतीन, बाईनंच फाडली."

"कूलर?"

"कूलर राहू द्या. शकुनले उन्हाळा काढायचा हाय."

जप्तीची रीतच अशी, की निकाल ज्याच्या बाजूने लागला त्यानेच समोर उभं राहून कोणती वस्तू घ्यायची ते दाखवून द्यायचं. बेलीफ फक्त लिहून घेतो. भलेभले लोक इथवर येऊन अवघडतात, घ्या साहेब काहीही, म्हणून अंगणात जाऊन उभे राहतात. मनकर्णा अवघडणाऱ्यांतली नव्हती. पंचवीस वर्षं अमरावतीत, राजापेठेच्या भर बाजारात फुलं विकलेली बाई ती. शेवंतीच्या ढिगातलं शिळं फूल तिला लांबून दिसायचं. आज पोरीच्या लग्नातली जांभळी साडी नेसून आली होती, आणि निकालाची नक्कल हारांच्या पिशवीत घालून काखेत धरली होती. आल्या आल्या गजेंद्रच्या बायकोने, शकुनने, सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला होता. मनकर्णाने तो घेतला नव्हता.

"कामाले आली मी," एवढंच ती म्हणाली होती.

गजेंद्र खाटेच्या कडेला बसून भिंतीकडे पाहत होता. अमरावतीतल्याच नवसारीकडे त्याचं मंडप-डेकोरेशनचं काम जोरात चालायचं. त्याच्या मंडपांना वीस वर्षं मनकर्णाचीच फुलं लागली. भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची, तो तिला साडी घ्यायचा. मनकर्णाला सख्खा भाऊ नव्हता, आणि गजेंद्रमुळे त्याची उणीव तिला कधी जाणवली नव्हती. म्हणून साउंडच्या सामानासाठी त्याने दीड लाख मागितले तेव्हा तिने ते काढून दिले. त्याने बिलाच्या पाठीवर चार ओळी लिहून सही केली, तीही तिच्या नवऱ्याने, पुंजारामने, आग्रह धरला म्हणून.

पैसे नुसते बुडाले असते तर मनकर्णाने चार शिव्या हासडून विषय संपवला असता. पण गजेंद्र टाळाटाळ करत राहिला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि तिथे पिंजऱ्यात उभं राहून तो शपथेवर म्हणाला, "मी या बाईले ओळखत नाही. सही माही नाही." टाइप करणाऱ्या मुलीने ते खटाखटा टाइपसुद्धा केलं. ते एक वाक्य मनकर्णाला गिळता आलं नाही. बाजारात लोक कुजबुजू लागले, की बाईचंच काही खोटं असेल.

वकीलबाई आकांक्षाने तेव्हा सुचवलं होतं, की गजेंद्रच्या बायकोला साक्षीला बोलवू, एका दिवसात खरंखोटं होईल. मनकर्णाने साफ नाही म्हटलं. भावजयीला तिच्या नवऱ्यासमोर उभं करायचं नाही, तिला त्याच घरात राहायचं आहे. सही तज्ज्ञाकडे गेली, तारखा लांबत गेल्या, चार वर्षं गेली. आपण शकुनला यात ओढलं नाही, याचा मनकर्णाला निकालाइतकाच अभिमान होता.

निकाल लागला तेव्हा शिक्क्याची नक्कल घेऊन ती कोर्टातून थेट लॅमिनेशनच्या दुकानात गेली. मग ती चकचकीत पानं तिने दुकानात हारांच्या रांगेत टांगली.

"आता एक हार घाल त्याले, अन् उदबत्ती लाव," पुंजाराम म्हणाला.

वसुलीची दरखास्त करायची वेळ आली तेव्हा आकांक्षाने कपाळाला हात लावला. प्लॅस्टिकात बंद केलेल्या नकलेवर खिडकीतला बाबू शिक्का मारायला तयार नव्हता. नवी नक्कल काढण्यात दीड महिना गेला. मनकर्णाला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. दीड महिना येणाऱ्या-जाणाऱ्याने तो निकाल वाचला होता.

"हे कपाट?" नत्थुजींनी विचारलं.

"चावी हरवली त्याची," गजेंद्र भिंतीकडे पाहतच म्हणाला.

"मग कुलूपवाला आणावा लागतो. टाइम जाईन."

"कुलूपवाला कायले पाह्यजे," मनकर्णा म्हणाली. "देव्हाऱ्यामांगं पाहा. कुंकवाच्या डब्याखाली असते चावी. खालच्या खणात, लाल कपड्यात, लग्नसराईचे पैसे असतीन. वीस वर्सं माह्या फुलायचे पैसे तिथूनच निघत."

दारात पंच म्हणून उभे असलेले दोन शेजारी एकमेकांकडे पाहू लागले. नत्थुजींनी चष्म्यावरून गजेंद्रकडे पाहिलं.

"तुमी त कोर्टात सांगतलं, या बाईले ओळखत नाही म्हनून."

गजेंद्रने गमछ्याने मान पुसली. मग पहिल्यांदाच त्याने मनकर्णाकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "जाऊ दे न. आपसात पाहून घेऊ."

'ताई' हा शब्द पुन्हा ऐकला की आपल्याला रडू येईल असं मनकर्णाला चार वर्षं वाटत आलं होतं. प्रत्यक्षात तिचा पारा चढला. या माणसाला बहीण आठवली ती कपाट उघडायच्या भीतीने.

"आपसातच देल्ले होते, गजेंद्र," ती म्हणाली. "आता कागदावर दे."

तोवर शकुन आत गेली होती. ती परत आली आणि तिने चावी नत्थुजींच्या हातावर ठेवली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

पैसे मोजायला बराच वेळ लागला. व्याज आणि खर्च धरून पुरून उरले. उरलेले नत्थुजींनी गजेंद्रच्या पुढ्यात ठेवले, यादीतला जनरेटर आणि बॉक्स खोडले, पंचांच्या सह्या घेतल्या.

"पैसे आज कोर्टात जमा करतो. तिथून तुमाले भेटतीन. इथं सही करा, का अंगठा?"

"सही," मनकर्णा म्हणाली, आणि तिने आपलं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी पूर्ण सही केली, ठसठशीत, ओळीत न मावणारी. मग पिशवी काखेत मारून, कोणाचा निरोप न घेता, ती दाराशी आली आणि तिने चपला पायात घातल्या. आज राजापेठेतून ताठ मानेने चालत जायचं, रिक्षा करायचीच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

"थांबा, ताई."

शकुन कुंकवाचा डबा घेऊन आली होती.

"कुंकू न लावता या घरून कोनतीच बाई गेली नाही."

मनकर्णा थांबली. एवढी वर्षं मनात जपून ठेवलेली गोष्ट सांगायची हीच वेळ, असं तिला वाटलं. तिने कपाळ पुढे केलं आणि मोठ्या मायेने म्हणाली, "शकुन, तुहा काही दोष नाही. वकीलबाई तुले साक्षीले बोलावू म्हनत होती. मीच नाही म्हनलं. तुले यात ओढायचं नव्हतं मले."

शकुनचं कुंकवाचं बोट कपाळाच्या अलीकडेच थांबलं.

"तुमी नाही म्हनलं?"

"हो. तुले इथंच राहा लागते."

"हरएक तारखेले मी हिरवी साडी काढून ठेवली," शकुन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण दारातल्या पंचांना आणि खाटेवरच्या गजेंद्रला शब्द न शब्द ऐकू गेला. "तुमी देल्ली ते. वाटलं, आज तरी बोलावनं येईन. मी खरं सांगतलं असतं, ताई. यायच्यासमोर सांगतलं असतं. चार वर्सं मले कोनी इचारलंच नाही."

मग तिने मनकर्णाच्या कपाळावर कुंकू टेकवलं, नेहमीसारखं, भुवयांच्या बरोबर मध्ये.

आपण हिला घाबरट समजलो, आणि वर त्याला मोठेपणा समजत राहिलो. मनकर्णाला लाज वाटली. आणि समोर उभ्या असलेल्या, कधी आवाज न चढवलेल्या या बाईचा असा अभिमान वाटला, की काखेतल्या निकालाचाही तेवढा वाटला नव्हता.

नत्थुजींनी अंगणात मोटारसायकल सुरू केली. "चाला बाई, तुमाले कोर्टापर्यंत सोडतो."

"तुमी व्हा पुढं," मनकर्णा म्हणाली.

तिने चपला काढल्या, पुन्हा आत येऊन पाटावर बसली आणि पिशवी बाजूला ठेवली.

"शकुन," ती म्हणाली, "पानी दे."