झाकणाखाली नुसतं पाणी

मी एक जुना टोप आहे. माझं बूड काळं पडलं आहे, एक कान तुटला आहे, पण मित्रांनो, माझं दुःख त्याचं नाही.

माझी उमेदीची वर्षं उनाइसीच्या आईच्या हाताखाली बेटावर गेली. लग्न असो की मयत, अळूचे कंद माझ्यातच शिजायचे. उनाइसी शिक्षिका व्हायला राजधानीत, सुवाच्या कॉलेजात निघाली, तेव्हा आईने मला तिच्या सामानात बांधलं. गावातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी. मी नुसता फुगून गेलो होतो.

वसतिगृहात आम्ही गाजलो. बोटीने पोत्यांतून आलेला घरचा कसाव्याचा कंद नारळाच्या दुधात शिजला, की उनाइसी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकीला हाक मारायची, "माई काना! ये, जेवायला बस!" आमच्याकडे ही रीतच आहे. जाणारीने "जेवले गं" म्हणत पुढे जावं, हीही रीतच. पण शेजारच्या खोलीतली लितिया कधी पुढे गेली नाही. "तुझ्या टोपाला नाही म्हणणं पाप आहे बाई!" असं म्हणून ती ताट भरून घ्यायची.

मग वादळाने बेटावरची शेतं झोपवली. पोती यायची थांबली. आता लितिया आपल्या दारातून हाक मारायची, "माई काना!" उनाइसी लाजून म्हणायची, "जेवले गं, तुम्ही जेवा." लितिया दुसऱ्यांदा विचारत नसे. असतील शितं तर जमतील भुतं, दुसरं काय!

उनाइसी माझ्यात पाणी भरायची, झाकण लावायची आणि शेगडीवर ठेवायची. लोकांना स्वयंपाक चालू आहे असं वाटावं म्हणून मी उगाच खदखदत राहायचो. पुस्तकातली अक्षरं तिच्या डोक्यात शिरेनाशी झाली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. चाचणीत नापास झाली. मुली मात्र हसायच्या, "बघा, एकटी एकटी खाते. वाससुद्धा बाहेर येऊ देत नाही!"

एकदा ती आंघोळीला गेली असताना लितियाने चाखायला म्हणून झाकण उचललं. आत पाणी बघून ती थबकली. मला वाटलं, सुटलो! तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज न करता झाकण परत ठेवलं. माझ्यातलं अन्न खाल्लेल्या हातानेच मला दगा दिला. संध्याकाळी दारातून पुन्हा तीच हाक आली, आणि "जेवले" ऐकून लितिया जेवायला बसली.

परीक्षेच्या दिवशी उनाइसी अंथरुणातून उठलीच नाही. तिचं कॉलेज कायमचं सुटलं. बोटीच्या धक्क्यावर लितिया तिच्या गळ्यात पडून रडली, "अगं वेडे, एका शब्दाने तरी बोलायचंस!"

उनाइसीने मला तिच्या हातात दिलं. म्हणाली, "ठेव तुला. तुला आवडायचं ना याच्यातलं."

आता मी लितियाचा भात शिजवतो. खरं सांगतो, रोज करपवावासा वाटतो.

मित्रांनो, तुम्हाला एवढंच विनवतो. कुणी 'जेवले' म्हणालं, तर दुसऱ्यांदा विचारा. आणि झाकण उचललंतच, तर ते परत ठेवू नका.