मागे लावलेली गाडी

"ताई, खरं सांगू का? इकून टाका ही गाडी." साईनाथने बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. "पाण्याचा पंप गेलाय, पट्टा गेल्यात जमा हाय, बॅटरी तर मेलेलीच. एवढं सगळं घालून गाडीची किंमत किती, तर पन्नास हजार. भंगारवाला अठ्ठावीस आज हातात ठेवतोय."

मी म्हटलं, मी किंमत विचारलेली नाही, खर्च विचारलाय.

साईनाथचं गॅरेज कर्वेनगरात, माझ्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत आहे. त्या कॉलेजच्या परीक्षा विभागात मी सव्वीस वर्षं क्लार्क आहे. समोरच्याने विचारल्याशिवाय सल्ला दिला की त्याला जागेवर कसं बसवायचं, हे मला चांगलं जमतं. साईनाथनेही पाठकोरा कागद ओढला आणि लिहायला लागला. पंप तीन प्रकारचे होते. कंपनीचा तीन हजार आठशेला, साधा पंधराशेला, आणि भंगारातल्या गाडीचा काढून बसवला तर सातशेला. पंपापर्यंत पोहोचायचं तर पट्टा उतरवावाच लागतो, मग जुनाच परत चढवण्यात अर्थ नाही. म्हणून पट्टा आणि त्याचे रोलर चौतीसशे, कूलंट सातशे, मजुरी तीन हजार, बॅटरी चार हजार सहाशे.

कंपनीचा पंप पाच वर्षं बघायला लागत नाही, साधा वर्षभर जातो आणि भंगारातल्याची खात्री नाही, असं त्याने सांगितलं. मग विचारलं, गाडी वापरणार किती?

काय सांगणार? मला ही गाडी एकदाच वापरायची होती. आमच्याच सोसायटीत, देवस्थळींच्या गाडीच्या मागे लावायची होती, बस. त्याला खरं तर पंपही लागत नाही. पाच मिनिटं इंजिन तसंही चाललं असतं. पण बंद पडलेली गाडी आडवी राहिली तर लोक तिच्या मालकिणीची कीव करतात. ठणठणीत गाडी मुद्दाम आडवी लावली, तरच ती आडवी लावली म्हणतात. मला कुणाची कीव नको होती.

"कंपनीचा टाका," मी म्हटलं. वॉशिंग मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. कपडे आणखी वर्षभर हातांनी धुवेन.

देवस्थळी म्हणजे अभय देवस्थळी, आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे चेअरमन. आमच्याकडे गाड्या सोळा आणि पार्किंगच्या जागा दहा. उरलेल्या सहा गाड्या दहांच्या मागे, येण्याजाण्याच्या वाटेवर आडव्या लागतात. त्यासाठी एकच नियम आहे. जो मागे लावेल त्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही आणि चाकाखाली दगड ठेवायचा. म्हणजे ज्याला निघायचंय तो दगड काढतो, मागची गाडी दोन हातांनी पुढे सरकवतो आणि जातो. कुणाची बेल वाजवायला नको, कुणाची झोपमोड नको. हा नियम आमच्या ह्यांनीच सभेत मांडला होता, आणि देवस्थळींनी अनुमोदन दिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी देवस्थळींनी नवी गाडी घेतली; स्वतःची जागा त्यांना पुढे मिळाली, तेव्हा मागेच लावावी लागे. तीनच दिवस झाले होते, बॉनेटवरचा हारसुद्धा पुरता सुकला नव्हता. ढकलताना कुणाच्या अंगठीने ओरखडा उठेल, या भीतीने त्यांनी ती आमच्या गाडीमागे गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून ठेवली आणि वर गेले. सकाळी पावणेसातला ह्यांच्या छातीत कळ आली. मी ह्यांना कसंबसं खाली आणून गाडीत बसवलं आणि मागे बघते तर हे धूड. वॉचमन धोंडिबा आणि मी दोघांनी जीव खाऊन ढकललं, जागचं हललं नाही. तीन जिने चढून देवस्थळींची बेल वाजवली. देवस्थळीबाईंनी दार किलकिलं केलं आणि म्हणाल्या, आंघोळीला गेलेत, येतीलच एवढ्यात.

ते एवढ्यात म्हणजे सतरा मिनिटं. देवस्थळी खाली आले तेव्हा धोंडिबाने चौकातून रिक्षा आणली होती आणि आम्ही ह्यांना उचलून तिच्यात ठेवत होतो. ओले केस, अंगाला पावडरचा वास. म्हणाले, "अहो, एवढं अर्जंट आहे हे सांगायचं नाही का?"

हे वाटेतच गेले. डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

तेव्हापासून गाडी जागेवर उभी होती. मी तिच्याकडे बघतही नव्हते. देवस्थळींकडे मात्र रोज बघत होते. जिन्यात भेटले की ते मान खाली घालत, आणि त्यांची ती मान पिरगाळावीशी वाटे. खोटं कशाला बोलू, देवापुढे हात जोडतानासुद्धा मनात तेच असायचं. गेल्या महिन्यात आमच्या गाडीच्या काचेवर नोटीस चिकटली: बंद वाहन पंधरा दिवसांत हलवावे, अन्यथा जागा काढून घेण्यात येईल. खाली चेअरमन म्हणून देवस्थळींचीच सही. ती नोटीस मी वाचली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, थांबा, हलवतेच, आणि साईनाथला गाडी ओढून न्यायला बोलावलं.

चौथ्या दिवशी साईनाथचा फोन आला. गाडी धुऊनपुसून उभी होती, इंजिन शांत चालत होतं. जुना पंप परत हवा असं मी आधीच बजावलं होतं. नाहीतर नव्याचे पैसे लावून जुनाच पुसून बसवणारे मला माहीत आहेत. साईनाथने तो माझ्या हातात दिला आणि बोटाने त्याची पाती हलवून दाखवली. ती खिळखिळी झाली होती.

"हा उभ्या उभ्या गेलेला न्हाई, ताई. चालू असतानाच गेलेला हाय. गाडी उभी केली ते बरं झालं. काढली असती तर कर्वे पुतळ्यापर्यंत पण गेली नसती, वाटेत उकळून बंद पडली असती."

मला ते कळायला क्षण लागला. म्हणजे त्या सकाळी देवस्थळींनी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली असती, आम्ही ती सरकवली असती, तरी मी ह्यांना घेऊन भर रस्त्यात बॉनेटमधून वाफ निघत असताना उभी राहिले असते. गाडीखाली हिरवं पाणी ठिबकतं हे ह्यांना माहीत होतं. मी दोनदा म्हटलं होतं, पंप बघून घ्या. पुढच्या महिन्यात, म्हणाले होते.

"ते मी तुम्हाला विचारलं होतं का?" मी साईनाथला म्हटलं. त्याचं तोंड उतरलं. मी पैसे दिले, पंप पिशवीत टाकला आणि निघाले. वाटेत स्वतःला समजावलं की गाडी बंद पडली असती तर रस्त्यावर कुणीतरी थांबलं असतं. रस्त्यावरच्या माणसांना आंघोळ नसते. सतरा मिनिटं ती सतरा मिनिटंच. असं म्हणत राग पुन्हा होता तिथे आणून बसवला, कारण तो गेला असता तर माझ्याजवळ काय उरलं असतं?

दोनच दिवसांनी संधी आली. सोसायटीच्या ग्रुपवर देवस्थळींनी लिहिलं: उद्या सकाळी सहाला मुलीला विमानतळावर सोडायचे आहे, कृपया माझ्या गाडीमागे कोणीही वाहन लावू नये. खाली आठ जणांनी अंगठे दिले. नववा मी दिला.

सगळं ठरवून ठेवलं होतं. पहाटे सव्वापाचला गाडी काढायची, कोपऱ्यावरून फुलं आणायची, आल्यावर देवस्थळींच्या गाडीमागे लावायची, पहिल्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक करकचून ओढायचा. वर येऊन चहा टाकायचा. बेल वाजली की आतून सांगायचं, आंघोळीला चाललेय, येतेच एवढ्यात. घड्याळ लावून सतरा मिनिटांनी खाली जायचं आणि म्हणायचं, अहो, एवढं अर्जंट आहे हे सांगायचं नाही का? हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. लाज वाटली नाही.

ठरल्याप्रमाणे झालं. फुलवाल्यापर्यंत जाऊन आले, फाटकातून आत वळले, देवस्थळींच्या गाडीमागे अशी लावली की मधून मांजर जायचं नाही. धोंडिबा टाकीकडे मोटर लावत होता, त्याने पाहिलं नाही. भराभर उतरले, दार लावलं आणि वर आले.

चहा ओतला. सहाला पाच कमी असताना वरच्या जिन्यावर बॅगेची चाकं खडखडली. मुलीचा आवाज आला, देवस्थळींचा आला. मी दाराशी जाऊन उभी राहिले. आता वाजेल, आता वाजेल. सहा वाजले. सहा वाजून तीन मिनिटं झाली. मग खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी गॅलरीत धावले, तोवर देवस्थळींची गाडी फाटकातून बाहेर वळत होती.

तशीच पायऱ्या उतरले. माझी गाडी दहा फूट पुढे, भिंतीच्या कडेला उभी होती. चाकाखाली नीट दगड लावलेला. धोंडिबा समोर आला.

"साहेबांनी अन् त्यांच्या लेकीनंच ढकलली की. म्या म्हनलं, बेल वाजवतो. तर म्हनले, नको, न्यूट्रलला हाय, त्यांची झोप मोडू नको."

मी दार उघडून आत बसले. गिअरच्या दांड्याला हात लावला तर तो सैल, इकडून तिकडे हलत होता. हँडब्रेक खाली होता. हे मी केलं होतं. बारा वर्षांपूर्वी ह्यांनी मला याच गाडीवर चालवायला शिकवलं, तेव्हा मागे लावायची वेळ आली की हातावर चापट मारून म्हणायचे, आधी न्यूट्रल, शर्मिला, पुढच्याच्या घरात कुणी आजारी असलं तर? मी दोन वर्षं मनात एक ठरवलं, आणि हाताने भलतंच केलं.

मग मात्र मला आवरेना. दोन वर्षं देवस्थळींना घातल्या त्या सगळ्या शिव्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांना घातल्या.

"पंपाला पुढच्या महिन्यात म्हणालात. छातीत दुखतं, डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर पित्त झालंय, बघू पुढच्या महिन्यात. स्वतःचं एक काम वेळेवर केलं नाहीत. अन् मला शिकवून गेलात काय, तर लोकांना वाट द्यायची. माझ्या वाट्याला एक सकाळ आली होती, अहो. ती तरी मला घेऊ द्यायची होतीत."

धोंडिबाने काचेवर टकटक केलं. ताई, गाडी जागेवर ढकलून देऊ का, असं विचारत होता. मी नको म्हटलं आणि पदराने तोंड पुसलं. त्याने चाकाखालचा दगड काढला. मी किल्ली फिरवली, गाडी आमच्या जागेत घेतली, पहिला गिअर टाकला आणि हँडब्रेक ओढला. तिथे तो ओढलेला चालतो.