बायकोचा भूगोल

माझं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर लोकांची डोकी हाताळतो, पण गेला महिनाभर माझ्याच डोक्यात एक माणूस ठाण मांडून बसलाय. बायकोच्या संध्याकाळच्या वर्गात तिच्यासोबत शिकणारा दाढीवाला.

लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिने बारावीची परीक्षा द्यायचं मनावर घेतलं, तेव्हा मला आनंदच झाला होता. पण भूगोलातले शब्द तिला जड जायचे आणि हा दाढीवाला ते सोपे करून सांगायचा. मग घरात ऊठसूट त्याचंच कौतुक. मक्तेदारी म्हणजे एकच दुकान आणि भाव त्याच्या मर्जीचा, हे त्याने सांगितलं. मिश्र अर्थव्यवस्था म्हणजे काही धंदे सरकारचे, काही खाजगी, हेही त्यानेच. केस कापणं हा तृतीयक व्यवसाय, म्हणजे सेवा देण्याचा धंदा, हेसुद्धा मला त्याच्याकडून कळावं, तेही माझ्या बायकोच्या तोंडून!

एकदा तर तो पठ्ठ्या माझ्याच खुर्चीत येऊन बसला. "वहिनी फार हुशार आहेत हो," आरशात माझ्याकडे बघत म्हणाला. वस्तरा माझ्या हातात, मान त्याची. अंगाचा नुसता तिळपापड झाला. दाढी मात्र नीट कोरली. धंद्याशी बेइमानी आपल्याला जमत नाही.

त्याच संध्याकाळी मी फर्मान काढलं, "आता वर्गाबिर्गाला जायचं नाही. धडे शिकवून झालेत ना? प्रश्न मी विचारीन."

तिने दप्तर खुंटीला अडकवलं. मी दुकान लवकर बंद करून पुस्तक धरून बसू लागलो. फोन वाजला की "कोणाचा?" चपला घातल्या की "कुठे?" उत्तरं ती बिनचूक द्यायची, भिंतीकडे बघत. मला वाटलं, जिंकलो.

काल स्थलांतराचा धडा निघाला.

"माणसं घर सोडून का जातात?" मी वाचलं.

"काही कारणं ढकलतात, काही ओढतात."

"ढकलणारी सांग."

"काम नसणं. पाणी नसणं. दंगल." मग म्हणाली, "श्वास घ्यायला जागा नसणं."

"हे शेवटचं पुस्तकात नाही."

"नसेल."

"बरं, आणि माणसाला घरी थांबवणारी?" मी घाईने विचारलं. असा प्रश्न पुस्तकात नव्हता.

"ती तुम्ही सांगा." कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "या घराची. एक तरी."

मी पान उलटलं, परत मागे आणलं. ती वाट बघत होती, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. त्या दाढीवाल्यावर जळण्यात मी इतका गुंतलो होतो, की तिच्यासाठी काही करायचं राहूनच गेलं होतं.

"उद्यापासून वर्गाला जा," मी शेवटी म्हणालो.

"तो असेल तिथे."

"असू दे." जीव जळत होता, तरी म्हणालो.

"हे झालं एक," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.