मनाईची ओळ

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. शाळेतली नव्हे, तलावाच्या फाटकावरची. नवी सिमेंटची कमान झाली आणि मला काढलं. आता मी चौकीदाराच्या खोलीमागे तोंड भिंतीकडे करून उभी असते. ते एका अर्थी बरंच आहे. कारण मला जे सांगायचं आहे, ते तुमच्याकडे पाहून सांगणं जड गेलं असतं.

लातूर जिल्हा नवा झाला, त्या साली माझा जन्म झाला. निलंग्याकडच्या माळावर एक तलाव होता. भोवती नुसतं गवत. वारा सुटला की सगळा माळ हलायचा. नव्या जिल्ह्याला सहलीची जागा हवी म्हणून तिथं झाडं लावली, घसरगुंडी बसवली, दोन नावा आणल्या. विरूपाक्ष पेंटरांनी माझ्या पत्र्याला पांढरा रंग दिला आणि वर निळ्या अक्षरांत लिहिलं, 'मोरदरा तलाव उद्यान. आपले स्वागत आहे.' कोपऱ्यात हौसेनं मोर काढला.

रविवारी एसटीनं माणसं यायची. बाभळीखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात बसायची, नावेत फिरायची. जाताना माझ्याजवळ उभं राहून फोटो काढायची. मी फुगून गेले होते.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस आलाच नाही. गवत करपलं, तलाव आक्रसून मधोमध उरला. जवळच्या बौद्ध वस्तीतला हापसा कोरडा पडला. टँकर आठ दिवसांनी कधीतरी यायचा. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन तलावावर येऊ लागल्या.

उद्यानाच्या साहेबांना ते रुचलं नाही. "पाणी असंच गेलं तर नावा चिखलात बसतील. पाहुण्यांना दाखवायचं काय?" असं म्हणून त्यांनी पेंटरांना बोलावलं.

विरूपाक्ष ब्रश धरून उभेच राहिले. "साहेब, दुष्काळात असं लिहू नये."

"तुम्ही लिहा हो पेंटर. विचार करायला आम्ही आहोत."

त्यांनी खालच्या बाजूला तांबड्या रंगात लिहिलं, 'येथून पाणी भरण्यास सक्त मनाई.' मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. तांबडा रंग मला उठून दिसतो, आता लोक मला भ्यायला लागतील, याचीच मला ऐट वाटली.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई आल्या. साठी उलटलेल्या, डोक्यावर घागर, सोबत सून पारूबाई. चौकीदार शेषेराव आडवे आले. त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

धुरपताबाई प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी घागर खाली ठेवली आणि अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. आधी वरचं, मग खालचं. दोन्ही वाचून झाल्यावर म्हणाल्या, "वर या म्हणतंय, खाली जा म्हणतंय. ह्यातलं खरं कोणतं, शेषेराव?"

"मावशी, मी काय सांगू? लिव्हणारे मोठे हायेत."

आत एक ड्रायव्हर तलावाचं पाणी बादलीनं आणून पाहुण्यांची जीप धूत होता. धुरपताबाईंनी ते पाहिलं. घागर उचलून दोघी शिवारातल्या पडक्या विहिरीकडे गेल्या.

दिवस कलताना एक बैलगाडी फाटकावरून गेली. गाडीत धुरपताबाई कण्हत पडल्या होत्या. विहिरीच्या ढासळलेल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. शेषेराव धावत गेले. "काय झालं गं, पारू?"

"काय व्हायचं? तुमच्या पाटीचं ऐकलं," पारूबाई म्हणाली.

शेषेराव मागे वळले ते थेट काठावर गेले. ओंजळभर चिखल आणून त्यांनी माझ्या तांबड्या ओळीवर फासला. सकाळी फाटक सताड उघडलं आणि स्वतः वस्तीत जाऊन बायांना बोलावून आणलं.

साहेब आले, भडकले. "चिखल कुणी फासला?"

"म्या."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या, साहेब. त्या म्हातारीला बोट दाखवलं तेबी म्याच."

शेषेरावांना घरी बसवलं, ते पुढचा पावसाळा संपेपर्यंत. पण बायांना अडवायला मग कुणी धजलं नाही. त्या उन्हाळ्यात वस्ती तलावाचं पाणी प्यायली. नावा चिखलात बसल्या. बसल्या म्हणून काही बिघडलं नाही.

काही वर्षांनी धुरपताबाई नातवंडांना घेऊन सहलीला आल्या. एक पाय ओढत चालत होत्या. माझ्या खांबाला पाठ टेकून बसल्या, दुखरा पाय लांब केला आणि मुलांना भाकरी वाढल्या. जाताना खांबाचाच आधार घेऊन उठल्या. मला त्यांची क्षमा मागायची होती. पण पाटीला स्वतःचं काही बोलता येत नाही.

मित्रांनो, पत्रा निमूट असतो. त्यावर जे लिहाल ते तो वर्षानुवर्षं उन्हात धरून उभा राहतो. उद्या तुमच्या हाती ब्रश येईल, शिक्का येईल, लेखणी येईल. तेव्हा आधी विचारा, हे वाचून कोण माघारी फिरणार आहे, आणि फिरून कुठं जाणार आहे. मी ते विचारू शकले नाही. तुम्ही विचारू शकता.