शकूच्या वाटणीच्या विड्या

१९३८ साली आम्ही पाच कॉलेजकन्यांनी जबलपूरच्या ओमती नाल्यामागच्या वस्तीत विडी वळणाऱ्या पोरींसाठी वर्ग काढला, तेव्हा मला स्वतःचं भारीच कौतुक वाटत होतं. वर्ग कसला, अंजनीबाईंची ओसरी. भंडाऱ्याकडून जबलपूरला आलेल्या या बाईची दहा वर्षांची शकू दिवसभर मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन बसायची. काम थांबवायची सोय नव्हती, म्हणून मीच युक्ती काढली. हात विड्या वळतील, कान शिकतील. मी मोठ्याने वाचायची, शकू वळता वळता म्हणायची. आठ महिन्यांत तिसापर्यंतचे पाढे, कविता, नद्या, सगळं तिला तोंडपाठ. पोरगी तल्लख. तिला मराठी शाळेत घालायचंच, असं मी ठरवलं.

"यंदा घेतलं तं घेतलं, विनताबाई," अंजनीबाई म्हणाल्या. "नाही तं पुढच्या साली लगन उरकून टाकीन."

शाळेच्या मुख्याध्यापिका भानुमतीबाईंनी सतराचा पाढा विचारला, कविता म्हणायला लावली. शकूने धडाधड सांगितलं. बाई खूश झाल्या आणि त्यांनी पाटी पुढे सरकवली.

"आता नाव लिही, बेटा."

शकूने पेन्सिल चिमटीत धरली आणि विडीसारखी वळू लागली. पाटी कोरीच राहिली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आठ महिन्यांत मी त्या पोरीच्या हातात एकदाही पेन्सिल दिली नव्हती! डोळे असून आंधळी म्हणतात ती मीच.

"महिन्याने पुन्हा आणा," भानुमतीबाई म्हणाल्या. "त्यानंतर मात्र मी काही करू शकणार नाही."

"दीदी, माझं काही चुकलं का?" वाटेत शकूने विचारलं.

"तुझं नाही गं. माझं चुकलं."

ओसरीवर येताच मी अंजनीबाईंना सांगितलं, "उद्यापासून शकू लिहील. तिच्या वाटणीच्या विड्या आम्ही पाचजणी वळू."

"तुमी? कॉलेजवाल्या?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "चलो, पाहू."

दुसऱ्याच दिवशी हसू पळालं. माझ्या विड्या, माल मोजून घ्यायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसाने बघताबघता मोडून बाजूला टाकल्या. "पान गेलं, जर्दा गेला, आता भरून कोण देईन?" अंजनीबाई कडाडल्या. तंबाखूच्या वासाने आमच्यातल्या सरोजिनीला ओकारी झाली. चेरीतालला आमच्या घरी माझ्या बोटांचा वास येताच वडील भय्यासाहेब ताटावरून उठले आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, रागही आला. पण मी पडले हट्टी. पान भिजवायचं, कापायचं, जर्दा चिमटीने पसरायचा, तोंड दुमडायचं. शकू समोर बसून 'क' गिरवायची आणि मधूनच मला म्हणायची, "दीदी, ढिली करून राहिल्या तुमी. कसून वळा." तिचा 'क' कलंडायचा, माझी विडी सुटायची. दोघी एकाच यत्तेत होतो म्हणा ना.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या विड्या पास झाल्या. महिना संपला तेव्हा शकूने भानुमतीबाईंच्या पाटीवर नाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं आणि न सांगता खाली 'जबलपूर' लिहिलं. बाईंनी तिचं नाव दुसरीच्या पटावर घेतलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

दुसऱ्या दिवशी मी आणि सरोजिनी पेढे घेऊन ओसरीवर गेलो. बोटांना साबण लावून आले होते मी. शकू शाळेत गेली होती. अंजनीबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि एक भरलेलं सूप माझ्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"शाळा अकरा ते पाच," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर अभ्यास. मंग शकूच्या विड्या कोण वळंन? काहून, तुमाले काय वाटलं, महिन्याभराचंच काम होतं?"

मला खरंच तसं वाटलं होतं. सरोजिनीने माझ्याकडे पाहिलं. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सातवी, मी मनात वर्षं मोजली.

"सरू, सोमवार माझा," मी म्हणाले आणि मांडी घालून बसले.