किती कोयते?

"तुमच्याबद्दल आमचं काहीच म्हणणं न्हाई, पण घरात लेकीबाळी हायत," असे म्हणत घरमालक विठ्ठलरावांनी दाराची कडी आतून लावली, आणि लावताना ती वाजू नये याची काळजी घेतली. धर्मराजला त्या काळजीचेच अधिक वाईट वाटले. तुरुंगात कड्या वाजवूनच लावत. तिथे निदान कुणी संकोचत नव्हते.

धनश्री पायरीवर तशीच उभी राहिली. शिक्षा भोगून सुटलेल्यांना भाड्याने घर मिळवून देणारी एक लहानशी संस्था बीडमध्ये होती. समाजकार्य शिकणारी ही नाशिकची मुलगी तिथे इंटर्नशिपला आली होती आणि धर्मराज हे तिच्या वाट्याला आलेले पहिलेच माणूस. संस्थेचा नियम सरळ होता: घरमालकापासून काही लपवायचे नाही. त्या नियमापायी बीडमधली दारे एकामागून एक मिटत चालली होती.

"काका, पुढच्या ठिकाणी आधी खोली बघू. आवडली तर मग सांगू."

"मागनं कळल्यावर सामान भायेर टाकत्यात, ताई. म्हातारीला घिऊन रस्त्यावर बसू का?"

सारा प्रश्न म्हातारीचाच होता. धर्मराज एकटा, कामाला होता त्या फर्निचरच्या दुकानात, लाकडाच्या भुशावरही निजत होता; त्याची त्याला तक्रार नव्हती. पण आई, वत्सलाबाई, सिरसाळ्याला लेकीच्या घरी होती. जावई तिला दोन्ही वेळा जेवू घालत होता. धर्मराजने मात्र आपला उंबरा ओलांडायचा नाही, अशी त्याची अट होती. आई दिवसेंदिवस थकत होती. तिचे शेवटचे दिवस आपल्या छपराखाली जावेत, एवढे एकच मागणे धर्मराजपाशी उरले होते.

पालीच्या रस्त्याला रिक्षा लागली आणि धरणाचे पाणी दिसू लागले तशी धर्मराजला ऊसतोडीच्या दिवसांतली आपली घरे आठवली. घर म्हणजे काय यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. लिहिणाऱ्यांनी बहुधा ऊसतोडीची कोपी पाहिलेली नसते. चार बांबू वाकवावेत, वर उसाचे पाचट अंथरावे, की दिवस मावळायच्या आत घर उभे. धर्मराज बांबू रोवी आणि त्याची बायको सुनिता तोंडाशी चूल मांडी. ओल्या पाचटाचा गोडसर वास रात्रभर अंगाला बिलगून राही. बाहेर बैल मान हलवीत आणि घुंगरांच्या आवाजात झोप लागे. त्या घरासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागले नव्हते, कुणी पूर्वायुष्य विचारले नव्हते. ते घर सहा महिन्यांत मोडावे लागे, हे खरे. पण भिंती टिकतात म्हणून घर टिकते, हेही तितकेसे खरे नव्हे. कोप्यांच्या त्या रांगेतच एका संध्याकाळी पाण्यावरून भांडण पेटले होते. धर्मराजची आठवण नेहमी त्या संध्याकाळच्या अलीकडे येऊन थांबे.

पालीत रतनबाईच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. तिचा नवरा ऊसतोड टोळ्यांचा मुकादम होता. त्याच्यामागे ती खोल्यांच्या भाड्यावर जगत होती. दारात बसून ती लसूण सोलत होती.

"किती कोयते?" मान वर न करताच तिने विचारले.

धनश्रीचा चेहरा उतरला. "एकच होता," ती घाईघाईने म्हणाली, "आणि तो पोलिसांनी तेव्हाच जप्त केला."

लसणाची पाकळी रतनबाईच्या बोटांतच राहिली.

बीड भागात, ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे म्हणजे एक कोयता, आणि एकटे माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाची बायको आयुष्यभराच्या सवयीने, राहायला किती माणसे येणार, एवढेच विचारत होती. धर्मराजला हसू आवरेना. सुटल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

"ताई, त्यांनी माणसं इचारली, हत्यार न्हाई!" मग हसू ओसरले. "अर्धाच हाय, मावशे, अन् संगं म्हातारी आई. मी आत असताना बायको वारली."

"आत म्हंजी?"

"तुरुंगात. पाण्याच्या टाकीवर भांडण झालं. समोरच्यावर कोयता चालीवला. मेला त्यो. शिक्षा भोगून आलोय."

"कावून मारलंस?"

"आधी पाणी कुणी भरायचं, यावरनं. दुसरं कारण सांगता आलं असतं तर मलाबी बरं वाटलं असतं."

"नाव काय हुतं त्याचं?"

आजवर एकाही घरमालकाने हे विचारले नव्हते. "उत्तरेश्वर," धर्मराज म्हणाला.

रतनबाईने बोटांतली पाकळी सोलून बाजूला टाकली. मग धनश्रीकडे हनुवटी उडवून म्हणाली, "ही पोरगी वकील हाय का तुझी?"

"न्हाई, शिकती हाय."

"तरीच! आसला वकील आसता तर फाशीच गेला आसतास." आणि आवाज बदलून, "हितं सगळ्या बिऱ्हाडांत एकच हापसा हाय. पाणी कसं भरशील?"

"सगळ्यांचं झाल्यावर. सगळ्यात शेवटी."

"मंग ऐक. एकट्याला मी देणार न्हाई. लोक कालवा करतील. आई हाय म्हन्तोस, तिला आण. दारात म्हातारं माणूस बसलेलं दिसलं की शेजारी गप ऱ्हात्यात. ती आली तर खोली तुझी. न्हाई आली तर दुसरीकडं बघ."

दुसऱ्या दिवशी अख्खी काळीपिवळी जीप ठरवून धर्मराज सिरसाळ्याला गेला. मेहुण्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून त्याने हाक मारली. आई यायला तयार होईल की नाही, ओळखेल तरी की नाही, त्याला ठाऊक नव्हते. बहिणीच्या खांद्याचा आधार घेत वत्सलाबाई दारापर्यंत आली आणि डोळे बारीक करून पाहू लागली.

"धरमा व्हय रं? पट्टा पडला का?"

पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचे गाळप संपणे, टोळ्यांनी घरी परतणे. बहिणीने पदर तोंडाला लावला. "लोकांनी इचारलं की 'तोडीला गेलाय' म्हणायची," ती हळूच म्हणाली. "म्हणता म्हणता तिला सोताला खरं वाटाया लागलं, दादा."

धर्मराजने उंबऱ्याबाहेरूनच आईकडे हात पुढे केला.

"पडला, आये. औंदा लई लांबला."

"लईच लांबला. चल, घिऊन चल मला. सुनिता कुठं हाय?"

"म्होरं गेली."

"एकटीच? आशी कशी जाऊ दिलीस?" म्हातारी कुरकुरली, पण तिने पाऊल उंबऱ्याबाहेर टाकले. त्याने तिला हाताला धरून जीपमध्ये बसवले. बसल्यावर ती खिडकीकडे सरकली, लुगड्याचा घोळ आवरला आणि शेजारची जागा तळहाताने पुसून ठेवली.

"वाटंत दिसली की घिऊ तिला," ती म्हणाली.

धर्मराजने मागचे दार लावले आणि तो पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.